समुद्रातील पवनचक्क्या : जागा कोणाची?



आपल्या बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही. पण आठवडी बाजारात सुका बोंबील विकणारे आपल्यात आहेत. हा माल पश्चिम किनाऱ्यावरचा. गुजरातेतील जाफराबाद हे सुक्या बोंबलाचे मोठे केंद्र आहे. तेथून जवळच, पिपावाव बंदरासमोरच्या समुद्रात, पवनचक्क्या उभारण्याची सरकारची योजना आहे. म्हणून हा विषय समजून घेणे जरुरीचे आहे.

समुद्र साधारण ६० मीटरपर्यंत खोल असेल, तर खांब तळात रोवता येतो. त्याहून खोल पाण्यात ते परवडत नाही. तेथे चक्की तरंगत्या पायावर उभी करून साखळ्यांनी तळाशी नांगरतात. स्कॉटलंडजवळ २०१७ साली अशा ५ चक्क्यांचे ३० मेगावॉटचे केंद्र सुरू झाले.

भारताचे समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५ साली आले. जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात गुजरात व तामिळनाडूजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉट आणि दोन बंदरांच्या सुधारणेसाठी ६०० कोटी आहेत.

आता या समुद्रावर हक्क कोणाकोणाचा?

१) मच्छीमार : बोंबील डोल जाळ्याने धरतात. हे पिशवीसारखे जाळे एकाच ठिकाणी बांधलेले असते. भरती-ओहोटीचा प्रवाह त्यात मासळी आणतो. ती जागा गेली की रोजी गेली. तरंगत्या चक्कीच्या साखळ्या पाण्याखाली दूरवर पसरतात. तेथे तळावरून ओढायचे जाळे चालवणे धोक्याचे.

२) जहाजवाले : त्यांना मोकळा मार्ग हवा.

३) कंपनी : तिला जोराचा वारा, जवळ बंदर, किनाऱ्यापर्यंत केबल आणि विजेला भाव हवा.

मेहकर, सिंदखेड राजा भागातून समृद्धी महामार्ग गेला, तेव्हा सातबाऱ्यावरून मालक ठरले आणि त्यांना मोबदला मिळाला. समुद्राला सातबारा नाही. मच्छीमाराजवळ फक्त पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असते. बाजारात वर्षानुवर्षे एकाच जागी बसणाऱ्या दुकानदाराची तीच स्थिती. म्हणून यंत्र येण्याआधी ही वहिवाट नकाशावर नोंदली गेली पाहिजे. समुद्राच्या नियोजनाचे पहिले काम हेच. स्कॉटलंडच्या त्या केंद्रात २०२२ साली सापळे व गळ टाकून मासेमारीची चाचणी घेतली गेली. केंद्र सुरू झाल्यावर पाच वर्षांनी झालेली ही तपासणी आपल्याकडे आधीच व्हावी.

सुकी मासळी विकणाऱ्यांनी आपल्या पुरवठादाराकडून तिकडची खबर घेत राहावे. एकाच बंदराच्या मालावर विसंबू नये. वेल्डिंग, लेथवाल्या कारागिरांनी केवळ बातमीच्या भरवशावर कर्ज काढून यंत्रे घेऊ नयेत. आधी लेखी ऑर्डर पाहावी.

कोणतीही नवी योजना आपल्या दारी आली, तर तीन प्रश्न विचारावेत : जागा कोण वापरत होता? त्याला विचारले का? नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार? तिन्हींची उत्तरे कागदावर मिळेपर्यंत सही करू नये.