यंत्रे अनेक, आकृती एक

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात वाहनाचा सुटा भाग आधी संगणकाच्या पडद्यावर घडतो, मगच यंत्रावर चढतो. मोठ्या कंपनीने आखलेला भाग पुरवठादाराच्या टूलरूममध्ये तयार होतो. पण दोन्हीकडचे संगणक आणि सॉफ्टवेअर एकसारखे असतातच असे नाही. तरीही आकृती अचूक पोहोचावी लागते. ही सुसंगतता कशी साधते, ते येथे पाहू.

१९९० च्या दशकात आरेखनासाठी ग्राफिक्स वर्कस्टेशन हा महागडा संगणक लागे. सिलिकॉन ग्राफिक्स, सन, एचपी, आयबीएम या प्रत्येकाचा प्रोसेसर निराळा आणि युनिक्सची आवृत्तीही निराळी. म्हणून एकासाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्यावर थेट चालत नसे.

पहिली अडचण क्रमाची होती. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो, इंग्रजीत वीस आधी येतात. संख्या मात्र एकच. तसेच ही वर्कस्टेशने संख्येचा मोठ्या किमतीचा भाग आधी साठवत, तर इंटेलचे संगणक लहान किमतीचा भाग आधी साठवतात. क्रम न ओळखता फाइल वाचली तर मापे निरर्थक होतात.

दुसरी अडचण चित्र उमटवण्याची. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९२ मध्ये ओपनजीएल हे मानक इतरांनाही खुले केले. प्रोग्रामने एकाच भाषेत सांगावे आणि प्रत्येक ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरने ते आपल्या यंत्राला समजावावे, ही त्यामागील योजना. ड्रायव्हरमध्ये फरक राहतातच. म्हणून सॉफ्टवेअर कंपन्या कार्डे तपासून प्रमाणित करतात.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. १९८० चे आयजीईएस आणि १९९४ चे स्टेप ही देवाणघेवाणीची मानके. स्टेपची फाइल सहसा साध्या मजकुराची असल्याने क्रमाचा प्रश्न मिटतो. परंतु बहुधा अंतिम आकारच पलीकडे पोहोचतो. तो कोणत्या पायऱ्यांनी घडला, कोणते माप कशावर अवलंबून आहे, हे मागेच राहते. अशा फाइलवरून भाग बनवता येतो, त्यात बदल करणे मात्र कठीण जाते.

याची किंमत एअरबसने मोजली. ए-३८० विमानाचे काम करताना हँबुर्गला कॅटियाची चौथी आवृत्ती होती, तुलूझला पाचवी. विजेच्या तारांच्या जुळण्या प्रत्यक्ष विमानात बसेनात आणि २००६ मध्ये मोठा विलंब जाहीर करावा लागला.

हा प्रश्न चाकणलाही परका नाही. मर्सिडीजची मूळ कंपनी डाइम्लर हिने २०१० मध्ये कॅटिया सोडून एनएक्स स्वीकारण्याचा निर्णय जाहीर केला. फोक्सवॅगन कॅटिया वापरते. दोघांनाही माल देऊ पाहणाऱ्या पुरवठादाराला दोन्ही भाषा समजाव्या लागतात.

आपल्या वसतिगृहातून आयटीआय किंवा डिप्लोमाकडे वळणाऱ्या मुलामुलींना आम्ही एवढेच सांगू इच्छितो: आलेली फाइल उघडताच एकक मिलिमीटर आहे की इंच ते पाहावे, एक ज्ञात माप मोजून ड्रॉइंगशी ताडावे, पृष्ठभागांतील फटी शोधाव्यात. बटणांच्या जागा सॉफ्टवेअरबरोबर बदलतात. भूमिती, ड्रॉइंगवाचन आणि टॉलरन्सचे ज्ञान मात्र कोणत्याही यंत्रावर आपल्याबरोबर येते. पालकांनीही एखाद्या सॉफ्टवेअरच्या महागड्या वर्गाची फी भरण्यापूर्वी तेथे हा पाया शिकवला जातो का, हे अवश्य विचारावे.