वीसांत एक म्हणजे नक्की किती? : कायद्याच्या प्रवेशाचे आकडे वाचताना

बारावीनंतर वकिलीकडे जायचं म्हटलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अर्ज किती आणि जागा किती?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर एका भागाकारात सापडतं असं धरून चाललं की पुढचा सगळा हिशेब बिघडतो. आपल्या भागातली किती तरी मुलं तो भागाकार ऐकूनच फॉर्म भरत नाहीत. म्हणून या अंकात साहित्याऐवजी थोडं गणित. मंडळाच्या वाचकांना गणिताचं वावडं असेल तर आधीच सांगतो, पाचवीच्या पुढचं काही नाही.

डोळ्यासमोर एक विद्यार्थिनी ठेवू. ती खरी कोणी नाही, पण तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. ती उळवीची. चन्नबसवण्णांच्या समाधीमुळे उळवीचं नाव दूरवर माहीत आहे. माघातल्या जत्रेला धारवाड-बेळगावकडचे भाविक बैलगाड्या जुंपून येतात. पण जत्रा पांगली की हे जोयडा तालुक्यातलं, जंगलाच्या पोटातलं एक गाव उरतं. घरात मराठी-कोकणी, शाळा कन्नड माध्यमाची, पीयूसी तालुक्यात किंवा दांडेलीत. या तालुक्यात कायदा हा पुस्तकातला विषय नाही. सुपा धरणात गाव गेलं आणि माणसं रामनगरला वसवली गेली. जंगल काळी व्याघ्र प्रकल्पात आलं. वनहक्क कायदा २००६ चा, पण दाव्यांचे कागद अजून फिरतायत. कुणबी समाजाची अनुसूचित जमातीत घेण्याची मागणी जुनीच आहे. इथून एक वकील तयार होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

तर ती मुलगी विचारते, क्लॅट देऊ का?

क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक परीक्षा. २००८ मध्ये सात विद्यापीठांनी सुरू केली. आता विद्यापीठांची संख्या दोन डझनांच्या घरात गेली आहे. हिशेबापुरते गोल आकडे घेऊ (हे कुठल्या वर्षाचे खरे आकडे नव्हेत): साठ हजार अर्ज, तीन हजार जागा. भागाकार केला तर वीसांत एक. ऐकायला भीती वाटते. पण या "वीसांत एक"ला तसा काही अर्थ नाही, कारण साठ हजारांची ही एकच रांग नसते. एकाच छपराखाली दहा-बारा रांगा असतात, आणि आपण त्यांतल्या एक-दोन रांगांतच उभे असतो.

बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचंच घ्या. २०२० मध्ये कर्नाटक विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून तिथल्या २५ टक्के जागा कर्नाटकात शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला कर्नाटक उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. पुढे २०२१ पासून संस्थेने स्वतःच्या धोरणानुसार २५ टक्के जागा कर्नाटकच्या विद्यार्थ्यांना द्यायला सुरुवात केली. अट अशी की राज्यातल्या मान्यताप्राप्त संस्थांत किमान दहा वर्षं शिक्षण झालेलं असावं. हे आडवं आरक्षण आहे, म्हणजे खुला, मागास, अनुसूचित अशा प्रत्येक गटाला ते छेदून जातं. उळवीत पहिलीत नाव घालून बारावीपर्यंत इथेच शिकलेली मुलगी ही अट सहज पुरी करते. घरात मराठी बोलतात म्हणून ती "बाहेरची" ठरत नाही; नियम भाषा विचारत नाही, शाळा विचारतो. या रांगेत शेवटचा प्रवेश अखिल भारतीय यादीपेक्षा बऱ्याच खालच्या क्रमांकावर होतो. म्हणजे तिच्यासाठी "साठ हजार" हा छेद मुळातच चुकीचा. तिचा छेद आहे कर्नाटकात शिकलेले, तिच्याच गटातले परीक्षार्थी.

आता भागाकाराच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही आकड्यांकडे बघू. अर्ज करणारा प्रत्येक जण परीक्षेला बसत नाही. बसलेला प्रत्येक जण तयारी करून येत नाही. शिवाय तोच मुलगा क्लॅट भरतो, दिल्लीच्या विधी विद्यापीठाची वेगळी परीक्षा भरतो, महाराष्ट्राची सीईटीही भरतो. तिन्ही ठिकाणचे अर्ज बेरजेला घेतले तर एका माणसाची तीन माणसं होतात. कोचिंगच्या जाहिरातींत अशाच बेरजा असतात. भीती जितकी मोठी तितकी फी मोठी, त्यांचा धंदाच तो.

दुसरी गल्लत गुणांची. "गेल्या वर्षी शंभराला मिळालं" असं कोणी सांगितलं की आधी विचारा, कितीपैकी शंभर? क्लॅटची प्रश्नपत्रिका २०१९ पर्यंत २०० गुणांची होती, २०२० पासून १५० ची झाली आणि २०२४ च्या प्रवेशापासून १२० ची आहे. दीडशेपैकी शंभर आणि एकशेवीसपैकी शंभर यांची तुलनाच होत नाही. वर्षाच्या नावातही घोटाळा आहे. क्लॅट २०२२ ही जून २०२२ मध्ये झाली, आणि क्लॅट २०२३ ही त्याच वर्षाच्या डिसेंबरात. नावात प्रवेशाचं साल असतं, परीक्षेचं नव्हे. म्हणून जुना तक्ता पाहताना गुणांचा रकाना सोडून क्रमांकाचा रकाना बघावा. पेपर अवघड असो वा सोपा, पाचशेवा क्रमांक पाचशेवाच राहतो.

आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. वीस हजार मुलं बसली आणि तुम्हाला ९८ पर्सेंटाइल मिळालं, तर तुमच्या पुढे साधारण चारशे जण आहेत. ९५ मिळालं तर हजार. तीनाचाच फरक, पण माणसं सहाशे! वरच्या टोकाला पर्सेंटाइलचा एकेक घर असा महाग असतो.

याच्या मागे एक साधं कारण आहे: गर्दी. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, त्यामुळे शून्य ते एकशेवीस यांच्यामध्ये पाव-पाव गुणांच्या ४८० पायऱ्या होतात. आपले हिशेबाचे साठ हजार त्यांवर सारखे उभे केले तरी एकेका पायरीवर सव्वाशे जण येतात, आणि खरं तर मधल्या पायऱ्यांवर त्याहून कितीतरी जास्त. समान गुण असतील तर आधी कायदेविषयक तर्काच्या विभागातले गुण बघतात, मग ज्याचं वय जास्त तो पुढे, आणि तरीही बरोबरी राहिली तर संगणकावर चिठ्ठी. १ डिसेंबर २०२४ च्या परीक्षेतल्या काही उत्तरांवरून वाद उठला, तो दिल्ली उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि सुधारित निकाल लागायला मे २०२५ उजाडला. दोन-चार प्रश्नांसाठी एवढा खटाटोप का, असं ज्यांना वाटलं त्यांनी या पायऱ्या मोजाव्यात. एक गुण हलला की शेकडो माणसं हलतात.

जाता जाता त्या पाव गुणाचाही हिशेब करून टाकू. चार पर्यायांपैकी डोळे मिटून सोळा उत्तरं ठोकली, तर सरासरीने चार बरोबर येतील, बारा चुकतील. चार वजा तीन, हाती उरला एक. पण प्रत्येक प्रश्नात एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर बारा प्रश्नांत चार बरोबर, आठ चूक, हाती दोन. अर्धवट माहिती असलेला प्रश्न सोडून देणं म्हणजे नुकसानच.

आता त्या प्रसिद्ध "कट-ऑफ"बद्दल. शेवटचा क्रमांक ही शेवटच्या माणसाची गोष्ट असते, वर्गाची नव्हे. अमेरिकेत बार असोसिएशनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला दरवर्षी किती अर्ज आले, किती जणांना होकार दिला आणि प्रवेश घेतलेल्यांचे गुण कसे होते हे जाहीर करावं लागतं. त्यात मध्यक असतो, शिवाय खालच्या आणि वरच्या चतुर्थांशाची सीमाही असते. त्यावरून कळतं की वर्गातला मधला विद्यार्थी कुठे उभा आहे. आपल्याकडे बहुधा पहिला आणि शेवटचा क्रमांक एवढंच हाती येतं. तोही कुठल्या फेरीचा, हे बघावं लागतं. पहिल्या फेरीत वरची मुलं जागा अडवून बसतात, मग दुसरीकडे सरकतात, काही सोडून जातात, आणि यादी खाली उतरते. पहिल्या फेरीचा आकडा पाहून नाउमेद होणं किंवा शेवटच्या फेरीचा पाहून निर्धास्त राहणं, दोन्ही घातक.

क्लॅटशिवाय दारं नाहीत का? आहेत की. हुबळीचं कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठ २००९ चं. त्याच्या संलग्न महाविद्यालयांत प्रवेश पीयूसीच्या किंवा पदवीच्या गुणांवर होतो, क्लॅटसारखी गाळणी नाही. बेळगावचं राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ पासून चालू आहे. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या तिथे शिकले. तिथे "दहात एक" असा आकडा नसतो, म्हणून शिक्षण हलकं, असं समजायचं कारण नाही. स्पर्धेचा आकडा दाराबाहेर किती जण थांबले ते सांगतो. आत काय शिकवतात, ते त्यातून कळत नाही.

महाराष्ट्राकडे बघणाऱ्यांसाठी मात्र जरा जपून. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हा मुंबईचं १८५५ चं शासकीय विधि महाविद्यालय काय किंवा पुण्याचं आयएलएस काय, आपल्याच राज्यातलं होतं. आता तिथल्या तक्त्यात उळवीची मुलगी राज्याबाहेरच्या रकान्यात जाते, आणि त्या रकान्यात जागा थोड्या. कुणबी महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येतात, पण कर्नाटकातल्या रहिवाशाला तो दाखला तिथल्या आरक्षणासाठी सहसा चालत नाही. त्याला खुल्या गटात धरतात. एक फट आहे. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांवर हक्क सांगतं, आणि अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत त्या भागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी सोय आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का, आणि कायद्याच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ही सोय आहे का, या दोन्ही गोष्टी स्वतः वाचून घ्याव्यात. "आमच्या पाहुण्यांनी सांगितलं" यावर राहू नये. या सीईटीची एक जमेची बाजू म्हणजे ती मराठीतूनही देता येते. क्लॅट फक्त इंग्रजीतून होते. ती इतर भारतीय भाषांतूनही व्हावी म्हणून २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली होती.

खरी चाळणी इथेच लागते, आणि ती कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. साडेचारशे शब्दांचे इंग्रजी उतारे भराभर वाचायचे, अर्जालाच साधारण चार हजार रुपये, समुपदेशनाची फी वेगळी, आणि सगळं ऑनलाइन. जंगलातल्या वाडीवर मोबाइलला रेंज धरायला टेकडी चढावी लागते, तिथे "वीसांत एक" हा आकडा कोणाला लागू पडणार? जी मुलं फॉर्मपर्यंत पोचलीच नाहीत, ती छेदातही नाहीत आणि अंशातही नाहीत. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये 'आयडिया' नावाचा उपक्रम सुरू केला तो याच मुलांसाठी: खेड्यांतली, गरीब घरांतली मुलं हेरायची, त्यांना शिकवायचं, परीक्षेला बसवायचं. बशीर २०१९ मध्ये गेले. काम चालू आहे, आणि त्यांच्याकडे अर्ज करता येतो.

आमच्या त्या उळवीच्या मुलीने आता काय करावं? अकरावीतच पहिली ते दहावीच्या शाळांकडून शिक्षणाचे दाखले घेऊन ठेवावेत, त्यांवर मुख्याध्यापकांची सही-शिक्का आणि सालं नीट तपासावीत, कारण दहा वर्षांची अट कागदावर सिद्ध करावी लागते. अकरावीला गोव्यात जायचा विचार असेल, तर त्या अटीची नेमकी शब्दरचना आधी वाचावी. मग मागच्या तीन वर्षांचे तक्ते उघडून फक्त एकच ओळ बघावी: कर्नाटकचे विद्यार्थी, आपला गट, शेवटची फेरी.