घरगुती रेशीम संगोपन : निरोगी अंड्यापासून अखंड धाग्यापर्यंत

येवले आणि पैठण ही नावे पैठणीमुळे सर्वतोमुखी झाली. परंतु या वस्त्राला लागणारा धागा मात्र दीर्घकाळ प्रामुख्याने कर्नाटकातून येत राहिला. म्हैसूर संस्थानात अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाने या उद्योगाचा पाया घातला. महाराष्ट्रात स्वतंत्र रेशीम संचालनालय नागपूर येथे १९९७ मध्ये स्थापन झाले. पूर्वी येथील शेतकरी कोष विकण्यासाठी रामनगरमपर्यंत जात असत. २०१८ मध्ये जालना येथे कोष बाजारपेठ सुरू झाल्याने ही पायपीट पुष्कळ कमी झाली.

तथापि, बाजारपेठ जवळ आली म्हणून प्रत्येक कुटुंबाच्या हाती पैसा पडतोच असे नाही. तीन आठवडे राबून चौथ्या आठवड्यात सारी बॅच हातची गेल्याची उदाहरणे गावोगाव आढळतात. त्यास दैवापेक्षा टाळता येण्याजोग्या चुकाच बहुधा कारणीभूत असतात.

अळीचा जीवनक्रम

एक मादी पतंग एका वेळी सुमारे ४०० ते ५०० अंडी घालते. या समूहास अंडीपुंज म्हणतात. सुमारे १० दिवसांत अंड्यांतून मुंगीएवढी अळी बाहेर पडते. २५ ते २८ दिवसांच्या आयुष्यात ती चार वेळा कात टाकते आणि तिचे वजन जवळजवळ दहा हजार पटींनी वाढते.

शंभर अंडीपुंजांच्या संगोपनास सुमारे एक टन तुतीचा पाला लागतो. त्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला अळ्या शेवटच्या सात-आठ दिवसांतच फस्त करतात. लागवडीचा हा हिशेब चुकला की ऐन वेळी बाहेरून पाला आणावा लागतो. त्यावर कोणते औषध फवारले आहे हे कोणासच ठाऊक नसते आणि तेथेच घात होतो.

पाश्चरचा धडा

एकोणिसाव्या शतकात पेब्रिन या रोगाने फ्रान्समधील रेशीम व्यवसाय मोडकळीस आला होता. १८६५ मध्ये लुई पाश्चर यांनी त्याचा अभ्यास हाती घेतला. हा रोग मादी पतंगाकडून अंड्यांत उतरतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यावरील उपायही साधा होता. प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवावयाची, नंतर ती मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाची आणि रोगाचे कण आढळल्यास तिची सर्व अंडी नष्ट करावयाची. आजही रोगमुक्त अंडीपुंज याच तत्त्वावर तयार होतात. म्हणूनच चार पैसे वाचविण्यासाठी घरच्या कोषांतून पतंग काढून अंडी धरणे हा खोटा काटकसरीपणा ठरतो.

संगोपनातील शिस्त

कोवळ्या अळ्यांना सुमारे २६ ते २८ अंश सेल्सिअस उष्णता आणि भरपूर आर्द्रता लागते. मोठ्या अळ्यांना थोडा गारवा व खेळती हवा मानवते. प्रत्येक बॅचपूर्वी संगोपनगृह व साहित्य यांचे निर्जंतुकीकरण करावे. आत जाताना हात-पाय धुवावेत. अळ्या कात टाकीत असताना पाला देऊ नये. बिछान्यावर चुन्याची भुकटी धुरळून तो कोरडा राखावा. रोगट अळ्या उचलून जाळाव्यात अथवा पुराव्यात. उझी माशीसाठी दारे-खिडक्यांना बारीक जाळी हवीच.

पक्व अळी खाणे सोडते, तिचे अंग पिवळसर पारदर्शक होते आणि ती डोके उंचावून जागा शोधू लागते. अशा अळ्या चंद्रिकेवर सोडाव्यात. दोन-तीन दिवसांत कोष विणून होतो; मात्र आतील अळीची कोषावस्था पूर्ण होईपर्यंत, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत, तो काढू नये.

कोषापासून धाग्यापर्यंत

पतंग कोष भेदून बाहेर पडला तर सलग धागा तुटतो. यास्तव त्यापूर्वीच कोष वाफेने किंवा उष्ण हवेने सुकवितात. त्यात आतील जीव मरतो, हे या व्यवसायाचे वास्तव आहे. पुढे कोष उकळत्या पाण्यात टाकले म्हणजे त्यावरील नैसर्गिक डिंक मऊ होतो. कुशल कारागीर आठ-दहा कोषांची टोके एकत्र करून चरख्यावर धागा ओढतो. चांगल्या कोषातून सुमारे एक किलोमीटर लांबीचा तंतू मिळतो. शंभर अंडीपुंजांपासून ६० ते ७० किलो कोष आले, तर त्यांतून आठ ते दहा किलो कच्चे रेशीम निघते.

ग्रामपंचायतीचे कार्य

शासकीय योजनांतून तुती लागवड व संगोपनगृह यांस साहाय्य मिळते. परंतु काही गोष्टी केवळ अनुदानाने साधत नाहीत. शेजारच्या कपाशीवर फवारलेले कीटकनाशक वाऱ्याने तुतीवर आले, तर एका दिवसात हजारो अळ्या मरतात. कपाशी वाचविणारा शेतकरी चुकीचा नसतो आणि अळ्या गमावणारे कुटुंबही निर्दोष असते. अशा वेळी फवारणीची पूर्वसूचना देण्याचा आणि वाऱ्याची दिशा पाहून फवारणी करण्याचा प्रघात ग्रामसभेत ठरविता येईल. शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एखादे संगोपनगृह बाहेरूनच, शिस्त पाळून दाखवावे. रेशमाचा धागा नाजूक असला, तरी तो अखंड राहण्यास साऱ्या गावाचे सहकार्य लागते.