वाकळेचं दुसरं टोक

परवा दुपारी गल्लीतल्या एक वहिनी आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. मुलगा यंदा नववीत गेलाय. "शाळेतनं येतो, जेवतो, मोबाईल घेऊन आत जातो. काय विचारलं की 'काय नाही'. तुमची लेक एवढं सगळं सांगते तुम्हाला, ते कसं काय?" मी काही बोलले नाही. मांडीवर वाकळ होती. तिचं दुसरं टोक त्यांच्या मांडीवर टाकलं आणि सुई ओवून हातात दिली. दोन-चार टाके घालेपर्यंत वहिनी गप्प होत्या. मग सासूच्या दुखण्याचं निघालं, त्यातून घरच्या कर्जाचं, आणि शेवटी जे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं, ते. चहा तसाच गार झाला. जाताना म्हणाल्या, "आज मीच एवढं का बोलले?"

तुम्हा आई-बापांना मला जे सांगायचंय ते यातच आहे. तोंडासमोर बसवून विचारलं की मूल मिटतं. त्याचे हात गुंतू द्या, तुमचेही गुंतवा, नजर कामाकडे असू द्या, आणि मग बघा.

मी निपाणीत वाकळा शिवते. पुण्याकडे हिलाच गोधडी म्हणतात, शेजारच्या कानडी अक्का कौदी म्हणतात. माझं माहेर बेळगावच्या वडगावचं, विणकरांच्या गल्लीतलं. आमच्या घरात खड्डामाग होता. झोप लागायची ती धोट्याच्या आवाजात आणि जागही त्याच आवाजात यायची. वडील मागावर, आई कांड्या भरायला आणि आम्ही पोरं जमिनीवर तुटकं सूत गोळा करत. चिंधीला टाकाऊ म्हणायचं नसतं, हे तिथंच अंगात मुरलं.

वाकळेचं गणित आज्जीनं शिकवलं. नऊवारी लुगडं म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड. मधोमध फाडायचं, दोन्ही तुकडे शेजारी-शेजारी जोडायचे आणि घडी घालायची. एका लुगड्यात वर-खाली दोन्ही बाजू निघतात. आत जुनी धोतरं, विटक्या चादरी, पोरांचे फाटके सदरे पसरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही. आधी लांब-लांब कच्चा टाका, मग कडेपासून आत-आत जाणारा धावदोरा. दोरा हाताएवढाच घ्यावा, जास्त घेतला की गाठी पडतात. कापड सुतीच हवं. टेरिकॉटवर सुई घसरते, आणि रात्री अंगाला घामच घाम.

आता मी पांघरायच्या वाकळांबरोबर चित्रांच्याही करते. इलकलीचा काठ, गुळेदगुड्डचा खण, शिंप्याकडची कात्रणं असं सगळं भिंतीवर टाचण्यांनी लावून ठेवते आणि चार-चार दिवस जाता-येता नुसती बघते. सकाळी भाकऱ्या, डबे, पाणी भरणं झालं की अकराच्या सुमाराला उजेड खिडकीतून जमिनीवर येतो, तेव्हा बसते. तीन तास, फार तर चार. त्यापुढे डोळे आणि कंबर, दोन्ही साथ सोडतात. कला म्हणतात ती याच तीन-चार तासांत होते. बाकीचा दिवस तुमच्या घरात जातो तसाच जातो.

लेक सात वर्षांची झाल्यावर शेजारी बसायला लागली. बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई दिली. तिच्याच फाटक्या गणवेशाचा निळा तुकडा तिनं निवडला. शिवताना तोंड सुरू. कोणाच्या डब्यात काय होतं, कोणाचा दात पडला, कोणी कोणाशी कट्टी केली. ते मी अर्धंमुर्धं ऐकायची. खरं तर तेच ऐकायचं होतं.

मग माझ्या हातून चूक झाली. बारशाचं एक दुपटं द्यायचं होतं. त्याचा एक कोपरा तिनं शिवला होता, तीन दिवस खपून. टाके वेडेवाकडे, एक तांदळाएवढा तर एक बोटाएवढा. गिऱ्हाईक काय म्हणेल या भीतीनं रात्री ती झोपल्यावर मी तो कोपरा उसवला आणि सरळ टाक्यांनी पुन्हा शिवला. सकाळी तिनं त्यावरून हात फिरवला. बोलली काही नाही. त्या दिवसापासून ती वाकळेकडे फिरकली नाही. हाक मारली की म्हणायची, "अभ्यास आहे." मला वाटलं, वयच तसं आहे. असं वाटणं किती सोपं असतं! एक वर्ष गेलं, वर पुढचा पावसाळाही गेला.

आपण पालक हे रोज करतो. मुलानं घातलेली चादरीची घडी आपण पुन्हा घालतो, त्याच्या चित्रातला सूर्य पुसून गोल काढून देतो. मदत म्हणूनच करतो. मुलाला मात्र एवढंच कळतं, की इथं माझा हात चालत नाही. आणि हात चालत नाही तिथं तोंडही उघडत नाही.

वाकडा टाका हा दोष नव्हे, हे मला जगानं शिकवलं. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं कृष्णवर्णीयांचं एक खेडं आहे. तिथल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या शेतात विरलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, थंडीपासून पोरं वाचवायला. 2002 साली त्याच गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतींवर लागल्या आणि लोक त्यांच्यापुढं उभे राहिले. फोटो पाहिले तेव्हा एकही रेघ पट्टी लावल्यासारखी सरळ दिसली नाही. एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या खानापुराकडे आणि त्यापलीकडे हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी लोकांची वस्ती आहे, आफ्रिकेतून शतकांपूर्वी आलेल्यांची. त्यांच्या बायका 'कवंद' शिवतात. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांचं 'फुला' बसवल्याशिवाय त्यांच्या लेखी कवंद पुरी होत नाही, उघडीच राहते. प्रत्येकीचा टाका निराळा. मी मात्र पोरीचा कोपरा उसवून तो माझ्यासारखा केला होता.

शिवण्यासारखंच वाकळेचं धुणंही दोघांनी मिळून करायचं काम. आमच्या भागात घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या अंथरुणा-पांघरुणांना पाणी दाखवायचं असतं. भाद्रपद सरत आला की ट्रॅक्टर, टेम्पो, जमेल त्यात वाकळा भरून बायका नदीवर. आम्ही यमगर्णीकडे वेदगंगेवर जातो. पाऊस ओसरलेला, पाणी निवळलेलं, शेतात सोयाबीन पिवळं पडलेलं. शिदोरीत भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं. वाकळ मशीनमध्ये मावत नाही, आणि मावली तरी मी घालणार नाही. दगडावर आपटायची, तुडवायची, आणि मग पिळायला दोघं लागतातच. भिजलेली वाकळ एकट्यानं उचलत नाही. एकानं उजवीकडे पिळायचं, दुसऱ्यानं डावीकडे. दुपारपर्यंत सगळा काठ रंगांनी भरून जातो. आज्जीचं लुगडं, मामाचं धोतर, माझं जुनं सुती पातळ, लेकीचा गणवेश, सगळं उन्हात. सहल म्हणून मुलांना काही दाखवायला नेण्यापेक्षा काहीतरी करायला न्यावं, हे मी या धुण्यावरून म्हणते. रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावात दिवस गेला की मूल दमतं. नदीवर वाकळेचं टोक धरलं की मोठं होतं.

माझी लेक मात्र वाकळेकडे परत आली ती दुसऱ्याच वाटेनं. तो पुढचा पावसाळा सरला, त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही संकेश्वर-हुक्केरीमार्गे गोकाकला गेलो. पावसाळ्यात घटप्रभा तांबडी-गढूळ कोसळते. दिवाळीपर्यंत ती उतरते आणि पांढऱ्या धारांनी पडते, जवळपास 52 मीटर खाली. झुलत्या पुलावर उभं राहून नवऱ्यानं तिला सांगितलं, की समोरची ती जुनी गिरणी सुताची, 1880च्या दशकात याच पाण्याच्या जोरावर उभी राहिली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पाण्यातनं दोरा आला?" परतताना गाडीत पुन्हा तेच. घरी आल्यावर मी भिंतीवरचा करडा तुकडा काढला, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "तुझा धबधबा तू कर. मी हात लावणार नाही." यावेळी शब्द पाळला. टाके कुठं सैल, कुठं लोंबणारे, खाली दोऱ्याचा नुसता गुंता. पाणी असंच पडतं. ती वाकळ आजही दारासमोरच्या भिंतीवर आहे. विकत मागितली, दिली नाही.

मग हळूहळू ती दुसऱ्या टोकाला बसायला लागली. एका संध्याकाळी मान खाली घालूनच म्हणाली, "आई, वर्गात माझ्या कानडीला हसतात." आपल्या सीमाभागातल्या कितीतरी मुलांचं हे दुखणं आहे. घरात मराठी, बाजारात दोन्ही, वर्गात तिसरंच. माझ्या काळजात चर्र झालं. एक कळकळीची गोष्ट सांगते, लक्षात ठेवा. मूल असं काही बोललं की सुई खाली ठेवू नका. "कोण हसतं? नाव सांग!" म्हणून अंगावर धावून जाऊ नका. मी शिवतच राहिले. म्हटलं, "मग तू काय करतेस?" आणखी दहा टाक्यांनी ती म्हणाली, "गप्प बसते." आणखी दहा टाक्यांनी, "पण शेजारच्या अक्कांकडं बोलते, त्या हसत नाहीत." त्यानंतर रोज संध्याकाळी अक्का आमच्या वाकळेला कौदी म्हणत तिच्याशी बसायला लागल्या आणि टाक्यांबरोबर पोरीची कानडीही सरळ होत गेली.

एक भेद मात्र पाळा. या निपाणीनं पोरांच्या हातांवर पुष्कळ पोट भरलंय. सूप मांडीवर घेऊन आयांबरोबर विड्या वळणाऱ्या पोरी मी पाहिल्यात. त्यांचेही हात गुंतलेले असत, पण बोलायला उसंत नसायची, कारण हजाराचा आकडा पुरा करायचा असायचा. 1986 च्या कायद्यानं विडीच्या कामाला मुलांना मनाई झाली ते योग्यच झालं. मूल शेजारी बसेल त्या कामाला मजुरी नसावी, घाई नसावी आणि "अजून किती राहिलं?" हा प्रश्न तर नसावाच. वाकळच हवी असंही नाही. शेंगा फोडा, दिवाळीचा किल्ला थापा, सायकलची चेन लावा. बाप लोकहो, हे तुम्हालाही आहे. मुलगे गाडी पुसताना जेवढं बोलतात तेवढं जेवणाच्या ताटावर बोलत नाहीत. माझे वडील मागावरून मान वर न करता माझं सगळं ऐकायचे.

यंदा लेक पंधरा वर्षांची झाली. भाद्रपदात आम्ही दोघी वेदगंगेवर पाण्यात उभ्या राहून एक जुनी जड वाकळ पिळत होतो. ती डावीकडे पिळत होती, मी उजवीकडे. पाणी धारेनं गळत होतं. मधेच ती म्हणाली, "आई, त्या बारशाच्या दुपट्याचे टाके तू रात्री उसवलेस ना? मी जागी होते."

मी हात थांबवले नाहीत. "हो गं. चुकलं माझं."

"माहितीय," ती म्हणाली. "अजून एक पीळ दे. कोपऱ्यात पाणी राहिलंय."