ग्लोव्हज सगळ्यात शेवटी!

सेफ्टी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? हेल्मेट, गॉगल, ग्लोव्हज. एमआयडीसीतल्या पाट्यांवरही हेच असतं. युरोपचे मशिनरीचे नियम वाचायला घेतले (व्हायवासाठी, खोटं कशाला बोलू!) तर तिथे क्रम बरोबर उलटा निघाला.

2006 च्या युरोपियन मशिनरी डायरेक्टिव्हने डिझायनरला तीन पायऱ्या घालून दिल्या. आधी धोका डिझाइनमधूनच काढा. निघत नसेल तर गार्ड बसवा. तरीही काही उरलं, तर ते वापरणाऱ्याला सांगा आणि ग्लोव्हज वगैरे काय लागेल ते लिहून द्या. पहिल्या दोन गाळून थेट तिसरीवर जायचं नाही. याची जागा घेणारं नियमन 2023 मध्ये मंजूर झालं, लागू होण्याची तारीख 20 जानेवारी 2027. पण क्रम तोच ठेवलाय.

पॉवर प्रेसचंच बघा. पत्रा हाताने आत ठेवायचा, पेडल दाबायचं, रॅम खाली. बोटं जातात ती इथेच. कित्येक टनांच्या दाबापुढे लेदरचे ग्लोव्हज काय करणार? त्यावर उपाय दोन बटणांचा. दोन्ही हातांनी, अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच रॅम हलतो आणि एक जरी सुटलं तरी थांबतो. बटणं किती लांब ठेवायची याचंही गणित आहे. हाताचा वेग सेकंदाला 1600 मिमी धरतात. प्रेस थांबायला 0.2 सेकंद लागले तर तेवढ्यात हात 320 मिमी पुढे गेलेला असतो, म्हणून बटण त्याहून लांब हवं. ब्रेक झिजला की थांबायचा वेळ वाढतो आणि सगळं गणित चुकतं.

जुन्या पिन-क्लच प्रेसला मात्र हे जमत नाही. क्लच एकदा लागला की फेरी पूर्ण होईपर्यंत रॅम थांबतच नाही. तिथे डायभोवती जाळीच हवी, पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही अशी.

आणि ड्रिल मशीनवर तर ग्लोव्हज नकोतच! फिरत्या ड्रिलमध्ये कापड अडकलं की हात आत ओढला जातो. वर्कशॉपचे सर ओरडतात ते उगाच नाही.

आपल्याकडे कायदा नव्हता असं नाही. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 21 मध्ये गार्डची सक्ती होती. कलम 26 तर मशीन विकणाऱ्यालाही धरायचं: फिरत्या शाफ्टवरचा बोल्ट, गिअर उघडा ठेवून मशीन विकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपये! 2024 च्या ऑगस्टमध्ये अवजड उद्योग मंत्रालयाने मशिनरी सुरक्षेचा आदेश काढला. त्यातलं आयएस 16819 हे स्टँडर्ड म्हणजे युरोपात चालणाऱ्या आयएसओ 12100 चंच भारतीय रूप. लागू करायची तारीख मात्र 2025 वरून 1 सप्टेंबर 2026 वर ढकलली गेली.

आपल्यातले बरेच जण ट्रेनिंगला चाकण-भोसरीला जातील. प्रेस शॉपमध्ये गेलात की बघा, दोनातलं एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलंय का. युरोपच्या नियमात यावरही तोड आहे: दोन्ही बटणं सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक सुरूच होत नाही.