पाणी कोणी अडवलं?

रोल-प्लेइंग खेळ करून बघायचा म्हटलं की लोक आधी पुस्तक शोधायला लागतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक महाग असतं. ते वाचून होईपर्यंत दिवाळीला जमलेली भावंडं आपापल्या नोकरीच्या गावी परतलेली असतात. पहिल्या खेळाला पुस्तक लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात, लुडोच्या फाशांवर, एका संध्याकाळी हा खेळ कसा बसवायचा ते सांगतो. प्रसंगही तयार देतो. फक्त एक अट आहे. हे पान सूत्रधारानेच वाचायचं, कारण पुढे कोड्याचं उत्तर दिलं आहे.

खेळ असा. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कुठे आहोत, समोर काय दिसतंय, हे सूत्रधार सांगतो आणि विचारतो, 'काय करायलात?' मग आपलं पात्र काय करतं ते प्रत्येक जण सांगतो. जिथे निकाल कुणालाच ठाऊक नाही, तिथे फासे टाकायचे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्सची पहिली हजार खोकी काढली. त्याआधी शिश्याच्या सैनिकांची पलटण मांडून लढाया खेळायची हौस तिकडे होतीच. नवं एवढंच झालं, की प्रत्येकाच्या वाट्याला पलटणीऐवजी एकच माणूस आला. दारात बहुरूपी पोलीस बनून येतो आणि 'चला ठाण्यात' म्हणतो, तेव्हा आपणही लगेच आरोपी होऊन गयावया करतो. तेवढं जमत असेल तर हा खेळ जमतो.

साहित्य

चार किंवा पाच माणसं, सूत्रधार धरून. तिघांतही होतं, पण सहाच्या वर गेलात तर अर्धे लोक मोबाइलमध्ये डोकं घालतील. लुडोचे दोन फासे, प्रत्येकाला एक कागद आणि पेन्सिल, जेवणानंतरचे तीन तास. फासे नसतील तर फोडलेले चार चिंचोके चालतात. दोन पांढरे पडले तर मधला निकाल, त्याहून जास्त पडले तर चांगला, कमी पडले तर वाईट. चिंचोक्याची एक बाजू फुगीर असल्याने तो अगदी निम्म्याला निम्मा पडत नाही, पण घरच्या खेळात कुणी वजनकाटा लावत नाही. खायला शेंगदाणे ठेवा. बालाघाटाची सीताफळं घरात असली तरी खेळ संपेपर्यंत आत ठेवा. चिकट हातांनी कागदही जातो आणि बियांच्या नादात लक्षही.

१. सगळ्यांना ठाऊक असलेली जागा निवडा

माझा सगळ्यात जास्त आग्रह इथे आहे. परक्या राज्यातला किल्ला निवडलात तर तास-दोन तास त्याचं वर्णन करण्यातच जातील. खजाना विहीर म्हटलं की बीडच्या माणसाला पायऱ्या सांगाव्या लागत नाहीत. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. शहरापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. आत येणारे दोन बोगदे पाणी आणतात आणि तिसरा ते बाहेर नेऊन शेतं-बागा भिजवतो. खजिना या बांधकामातच जिरला म्हणून हे नाव, अशी आख्यायिका आहे. खेळाला याहून काय हवं? अंधार आहे, पाणी आहे, तीन वाटा आहेत आणि नावातच खजिना आहे.

काळ १९७२ चा दुष्काळ. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं, हजेरीचं मस्टर हे सगळं घरातल्या आजीला तोंडपाठ असतं. तिलाही खेळायला बसवा. ती एका वाक्यात सांगेल ते तुमच्या दहा वाक्यांत येणार नाही.

२. प्रसंग

पुढचं सगळं कल्पित आहे. तिसऱ्या बोगद्याचं पाणी एका रात्रीत बंद झालं. बागा वाळायला लागल्या, पण विहिरीतलं पाणी मात्र हातभर चढलं. तहसीलदाराने दुष्काळी कामावरच्या चौघांना बोलावून सांगितलं आहे, की उद्या सकाळपर्यंत कारण शोधा.

उत्तर असं: चौकीदाराने बोगद्याच्या तोंडाशी वाळूची पोती लावली आहेत. पाणी चढलं की त्याच्या बहिणीच्या वस्तीवरचे लोक रात्री बैलगाडीतून पिंपं भरून नेतात. त्या वस्तीची विहीर कोरडी पडून महिना झाला आहे. गुन्हेगार दुष्ट नसला की खेळाला धार येते. पोती काढायची का, तहसीलदाराला काय सांगायचं, यावर खेळाडू आपसांत भांडतील. ते भांडण म्हणजेच खेळ.

खुणा तीन तरी ठेवा: ओली पोती, गाडीच्या चाकोऱ्या, चौकीदाराचं भिजलेलं धोतर. एकच खूण ठेवलीत आणि ती कुणाला दिसलीच नाही, तर सगळे विहिरीच्या काठावर जांभया देत बसतील.

३. पात्रं

चार पात्रं लिहून ठेवा आणि राजा-वजीर-चोर-शिपाई खेळताना टाकतो तशा चिठ्ठ्या टाका: कामावरचा मुकादम, अंबाजोगाईची आराधीण, विहिरी खोदणारा गडी आणि शाळेला दांडी मारणारं पोरगं. बाईने बाईचंच पात्र घ्यावं असं काही नाही. आजोबांना पोरगं मिळालं तर उत्तमच.

प्रत्येक कागदावर चार गुण लिहा: अंगबळ, चपळाई, डोकं, बोलणं. त्यांना अधिक २, अधिक १, शून्य आणि उणे १ असे आकडे वाटून द्या. मुकादमाचं डोकं २, आराधिणीचं बोलणं २, गड्याचं अंगबळ २, पोराची चपळाई २. बाकीचे ज्याचे त्याने लावावेत. शेवटी प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: 'तुमच्या पात्राला पाण्याची सगळ्यात जास्त गरज कुणासाठी आहे?' उत्तर कागदावर लिहून घ्या, रात्री कामाला येतं.

४. काय आणायचं नाही ते आधी ठरवा

दोन मिनिटांचं काम आहे, पण टाळू नका. गावातलं राजकारण, भावकीतला बांधाचा वाद, कुणाच्या घरातला ताजा मृत्यू खेळाबाहेर. कुणाची जात काढून विनोद नाही. मध्येच कुणाला जड गेलं तर त्याने हात वर करायचा. सूत्रधाराने कारण न विचारता प्रसंग पुढे सरकवायचा.

५. फासे

नियम एवढाच. दोन फासे टाका आणि त्यांच्या बेरजेत लागू पडणारा गुण मिळवा. १० किंवा जास्त आले तर काम फत्ते. ७ ते ९ आले तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. ६ किंवा कमी आले तर सूत्रधार अडचण आणतो. ही रीत व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० सालच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळातली. नवख्यांसाठी मला ती डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या वीस बाजूंच्या फाशापेक्षा बरी वाटते. गुण शून्य असेल तर ३६ पैकी ६ वेळा पूर्ण यश, १५ वेळा अर्धवट आणि १५ वेळा फजिती. गुण २ असेल तर पूर्ण यश १५ वेळा आणि फजिती फक्त ६ वेळा. म्हणजे ज्याचं काम त्यानेच करावं, हे खेळाडूंना न सांगता उमगतं.

पायरी उतरायला, दार लोटायला, नाव विचारायला फासे टाकायला लावू नका. चुकलं तरी गोष्ट पुढे जाईल आणि जमलं तरी जाईल, अशाच ठिकाणी टाका.

६. खेळवणं

सुरुवात घरापासून किंवा तहसील कचेरीपासून करू नका. थेट विहिरीवर, रात्री. साधारण असं चालतं:

सूत्रधार: अकरा वाजलेत. चौकीदाराच्या झोपडीत कंदील आहे, आत कुणी नाही. दाराशी ओली पोती पडलीत. काय करायलात?

मुकादम: किती पोती हायत?

सूत्रधार: चार. एकाला ताजी वाळू चिकटलीय.

आराधीण: मी हाक मारते. जोगवा मागायला आले म्हणते.

सूत्रधार: विहिरीकडून तो पळतच येतो. 'इतक्या रातच्याला कामून आलात?' धोतर गुडघ्यापर्यंत भिजलंय. त्याला बोलतं करायचं असेल तर बोलणं. टाका.

चार आणि दोन पडले, अधिक दोन, म्हणजे आठ. काम झालं, पण मोजावं लागणार. सूत्रधार म्हणतो, 'देवीचं नाव ऐकून तो हात जोडतो. पोती वस्तीवरच्यांची आहेत एवढं बोलून जातो. पण तेवढ्यात त्याला मुकादमाची बॅटरी चाकोऱ्यांवर फिरताना दिसते आणि तो तोंडात बोटं घालून शीळ मारतो. लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो आणि मग थांबतो.'

यात तीन गोष्टी पाहा. मुकादमाने पोती मोजली तेव्हा फासे लागले नाहीत. आठ पडल्यावर 'अर्धं जमलं' असं मोघम न म्हणता सूत्रधाराने नवी भानगड उभी केली. आणि त्याने खेळाडूंच्या वतीने काहीच ठरवलं नाही. 'तुम्ही घाबरून पळता' हे वाक्य सूत्रधाराच्या तोंडी कधी येऊ नये. पळायचं की नाही, ते ज्याचं पात्र त्याने ठरवावं.

खेळाडू तुम्ही न योजलेलं काहीतरी करणारच. गडी म्हणेल, मी गाडीत लपून वस्तीवर जातो. जाऊ द्या. वस्तीवर काय आहे ते माहीत नसेल तर आजीलाच विचारा, 'बहात्तर साली अशा वस्तीवर रात्री काय दिसलं असतं?' ती सांगेल ते तिथे आहे, असं धरा.

एक जण सारखा बोलतो आणि दुसरा गप्प, हे हमखास होतं. गप्प बसलेल्याला पात्राच्या नावाने विचारा: 'पोरा, तू या वेळी कुठे उभा आहेस?' नुसतं 'बोल की' म्हटल्याने लाजरा माणूस आणखी लाजतो.

७. थांबवणं

अडीच तास झाले की शेवटाकडे वळा. तहसीलदाराची जीप येते आणि तो कारण विचारतो. प्रत्येकाने आपल्या पात्राच्या तोंडून एकेक वाक्य सांगायचं, मग खेळ बंद. कोण जिंकलं असा प्रश्न इथे नसतो. लहान मुलं तो विचारतातच. मग दहा मिनिटं गप्पा: कुठे मजा आली, कुठे कंटाळा आला. कंटाळ्याची जागा लिहून ठेवा. बहुधा ती सूत्रधाराच्या लांबलेल्या वर्णनाची निघते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना विहीर बघायची हुक्की येईल. जरूर जा, पण काठावरूनच बघा. बोगद्यात शिरायचं ते खेळातच.

पुढच्या खेपेला सूत्रधार बदला आणि जागाही बदला. धारूरचा किल्ला आहे. १० ऑगस्ट १७६३ ला थोरल्या माधवरावांनी निजामाला हरवलं ते गोदाकाठचं राक्षसभुवन आहे. दासोपंतांच्या पासोडीचं अंबाजोगाई आहे. तीन-चार खेळ झाले आणि गोडी लागली की मग इंग्रजी नियमांकडे वळा. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मूळ नियम २०२३ च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत, त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. आणि तुम्ही रचलेला प्रसंग फुलस्केपच्या एका पानावर नीट लिहून शेजारच्या घरी द्या. त्यांनी आपला लिहून तुम्हाला द्यावा.