ऋतुजाच्या नव्या फोनसाठी

सातारा,
१८ मे २०२५

चि. ऋतुजा,

तुझा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती, म्हणून लिहून कळवतो म्हणालो. आयफोन १६ घ्यावा की गॅलेक्सी एस२५, एवढंच तू विचारलंस. ऑफिसातले अर्धे एकीकडचे, अर्धे दुसरीकडचे, आणि रोज डब्याच्या वेळी दोघंही तुलाच पटवायला बसतात, हे तुझ्या आईने, म्हणजे ताईने सांगितलं.

बावीस वर्षं मी फोन उघडतो आहे. प्रोसेसर कमी पडतो म्हणून महागडा फोन घेऊन माझ्याकडे कोणी आल्याचं आठवत नाही. बॅटरी टिकत नाही, डिस्प्ले फुटला, पाणी गेलं, स्टोरेज भरलं, या तक्रारी घेऊन माणसं येतात. म्हणून तू ज्या तुलनेच्या तक्त्यावर रात्र जागवते आहेस तो आधी मिटून ठेव. हे दोन्ही फोन तुला लागेल त्याच्या कितीतरी पुढचे आहेत. तू तुझा दिवस कागदावर लिही.

तुझा दिवस मला माहीत आहे तेवढा मीच लिहितो. सकाळी स्कूटरने वाघोलीची साइट, डोक्यावर हेल्मेट, एका हातात ड्रॉइंग. दिवसभर फोटो काढून साइटच्या ग्रुपवर टाकणं. ऊन, धूळ, सिमेंट. चहाला यूपीआय. संध्याकाळी अर्धा तास आईशी बोलणं.

यातलं फोटोचं काम सगळ्यात मोठं, म्हणून त्यावर जरा थांबतो. ५० मेगापिक्सेल आणि ४८ मेगापिक्सेल या आकड्यांवरून भांडू नकोस. सॅमसंग नेहमीचा फोटो १२ मेगापिक्सेलमध्ये साठवतो आणि आयफोन २४ मध्ये. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की दोन्ही दाबून लहान होतात. कागदपत्र म्हणून पाठवलास तरच फोटो जसाच्या तसा जातो. तुझ्या कामाचा खरा फरक वेगळाच आहे. वरच्या स्लॅबच्या तळाशी बारीक तडा दिसला आणि तुला परांचीवर न चढता त्याचा फोटो हवा असेल, तर लांबचं जवळ आणणारी वेगळी लेन्स लागते. एस२५ मध्ये तिप्पट जवळ आणणारी लेन्स आहे. आयफोन १६ मध्ये तशी वेगळी लेन्स नाही. तो मुख्य कॅमेऱ्यातूनच दुप्पट जवळ आणतो, आणि त्यापुढे चित्र नुसतं ताणलं जातं.

व्हिडिओत मात्र आयफोनला मी झुकतं माप देतो. चालताना काढलेलं चित्र स्थिर राहतं, आणि इन्स्टाग्रामसारख्या अ‍ॅपमधूनही रंग बिघडत नाहीत. तू नाचाचे नाहीतर गाण्याचे व्हिडिओ करत असतीस, तर हे पत्र इथेच संपवून आयफोन घे म्हटलं असतं. जुना विकतानाही त्याला भाव बरा येतो, हे मी दुकानात रोज बघतो.

आता जागेचं. आयफोन १६ भारतात आला तेव्हा १२८ जीबीचा ७९,९०० रुपयांना होता आणि २५६ चा ८९,९०० ला. एस२५ हा २५६ जीबीचा ८०,९९९ ला आला. या दोघांपैकी कशातच मेमरी कार्ड घालता येत नाही, म्हणजे आज घेशील तेवढीच जागा शेवटपर्यंत. आयफोनवर ४के व्हिडिओचं एक मिनिट ६० फ्रेमवर साधारण ४०० एमबी खातं. साइटचे फोटो आणि ग्रुपवरचा पसारा धरता १२८ तुला दोन वर्षंही पुरणार नाही. कोणताही घे, २५६ च घे.

बॅटरी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. आयफोन १५ पासून पुढच्या बॅटऱ्या हजार चार्जिंगनंतरही ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत, असं अ‍ॅपल सांगतं. एस२५ मध्ये ४००० एमएएच आहे आणि चार्जिंग २५ वॉटचं. चार्जर दोघांच्याही डब्यात येत नाही, तो धरून हिशेब कर. बॅटरीला मारतं ते ऊन. फोन स्कूटरच्या डिकीत टाकून साइटवर जाऊ नकोस, आणि सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय दोन्हीकडे आहे, ती वापर.

आणि पाणी. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा असाच महागडा फोन घेऊन आला. विकणाऱ्याने वॉटरप्रूफ सांगितला होता, म्हणून याने साबणाच्या पाण्याने धुतला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सिमच्या खाचेतली पांढरी पट्टी लाल झालेली पाहिली आणि वॉरंटी नाकारली. आईने हप्त्यावर घेऊन दिलेला फोन होता तो. आयपी६८ ची चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यात होते, आणि पाण्याने झालेलं नुकसान दोन्ही कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. सिमेंटचं पाणी लागलं तर फोन लगेच बंद करून कोरड्या फडक्याने पूस आणि थेट माझ्याकडे ये.

किती वर्षं चालेल म्हणशील, तर सॅमसंगने एस२५ ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं आहे. २०१८ चा आयफोन एक्सआर २०२४ च्या आयओएस १८ वर चालतो, तेव्हा तिथेही काळजी नाही. इतकी वर्षं वापरायचा म्हणजे मधे एकदा बॅटरी बदलणं आलंच. आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी घातली की सेटिंगमध्ये अनोळखी पार्टची सूचना येते आणि विकताना किंमत घटते, म्हणून तिथे ओरिजिनल बॅटरीचाच खर्च धर.

हप्त्याचं एक सांगतो. नो कॉस्ट ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी बहुतेकदा लागते आणि व्याजावरचा जीएसटी कार्डावर येतो. तो आकडा विचारल्याशिवाय सही करू नकोस. दर महिन्याचा हप्ता तुझ्या खोलीभाड्यापेक्षा जास्त होत असेल, तर थांब किंवा २०२४ चा एस२४ बघ. त्यालाही सात वर्षांचं वचन आहे आणि तिप्पट जवळ आणणारी लेन्सही.

माझं मत विचारशील तर तुझ्या कामाला एस२५. वजन १६२ ग्रॅम, एका हातात मावतो, लांबचा फोटो देतो, आणि तुझा आताचा फोन अँड्रॉइडच असल्याने सगळं सहज उतरतं. पण माझ्या शब्दावर घेऊ नकोस. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच पडदे झळकतात. कोणाकडून तरी दोन्ही फोन दुपारी बारा वाजता साइटवर तासभर माग, ग्लोव्ह काढून एका हाताने स्लॅबचा फोटो काढ, मग ठरव.

घेशील त्या दिवशी दुकानातच *#०६# दाबून आयएमईआय नंबर बिलावरच्या नंबराशी जुळव. फोन चोरीला गेला तर संचार साथी पोर्टलवर तो बंद करायला तोच नंबर लागतो आणि तेच बिल उपयोगी पडतं. बिलाचा कागद ताईच्या कपाटात ठेवायला दे.

तुझा,
मामा